तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं एकाच जागी का नाही?

कथकचा वर्ग सुटला की घुंगरू सोडण्याच्या गडबडीत कुणीतरी माझ्या छोट्या एमपी३ प्लेअरबद्दल, म्हणजे डबीबद्दल, विचारतंच. "ताई, एवढीशी ती डबी, त्यात गाणी दोन ठिकाणी कशाला? आतल्या मेमरीत वेगळी, कार्डात वेगळी, याद्यासुद्धा वेगळ्या. सगळं एकत्र करून टाका ना!" विचारणारे बहुधा कुणाचे तरी बाबा असतात, हिंजवडीहून थेट लेकीला न्यायला आलेले, गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र. "क्लाउडवर टाका" हा पुढचा सल्ला. मी "हो, बघते" म्हणते आणि सतरंजी गुंडाळायला लागते. पाच-सहा वर्षं "हो, बघते" म्हणतेय. या महिन्यात तिसऱ्यांदा विचारणा झाली, तेव्हा एकदा लिहूनच टाकते. पुढच्या वेळी तोंड उघडण्याऐवजी हे हातात देईन.

मोबाइल का नाही, ते आधी मिटवू. विंगेत अंधार असतो. डबीचं बटण न बघता अंगठ्याला सापडतं, मोबाइलच्या काचेवर सापडत नाही. शिवाय एकदा ठुमरीच्या ऐन मध्यात माझ्याच मोबाइलची रिंग स्पीकरमधून सभागृहभर वाजली. कर्ज हवंय का, म्हणून फोन होता. विषय संपला.

आणि "ज्या पुण्यात कथकगुरू रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही नृत्यसंस्था काढली, त्या गावात तुम्ही डबीवर कथक नाचवता" असं म्हणणाऱ्या काकांना: तबला, हार्मोनियम, गायन आणि त्यांच्यासोबत किमान दोन तालमी, एवढा खर्च नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या पालकांकडून तुम्ही गोळा करून द्या. डबी त्याच दिवशी माळ्यावर टाकते.

तर, मूळ प्रश्न. डबीची आतली मेमरी ८ जीबीची. तिच्यात फक्त लेहरे, म्हणजे नाचाला ताल धरून देणारी, फिरून फिरून तीच येणारी सुरावट. तीनताल, झपताल, रूपक, धमार. प्रत्येकाचे विलंबित, मध्य, द्रुत. काही हार्मोनियमवर, काही सारंगीवर, आणि निम्मे तरी चंद्रकंस रागात. तुम्ही म्हणाल, लेहरा म्हणजे तेच ते आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, एक कापायचं आणि फिरवत ठेवायचं. मीही तसंच केलं होतं. मात्रेला एक सेकंद धरला तर सोळा मात्रांच्या तीनतालाचं आवर्तन सोळा सेकंदांचं. बरोब्बर सोळा सेकंदांचा तुकडा कापला, आणि दर समेला, म्हणजे फेरीच्या पहिल्या मात्रेला, उचकी! एमपी३ करताना फाइलच्या पुढेमागे क्षणभराची शांतता आपोआप चिकटते. आपल्याला कानाला जाणवणारही नाही, पण समेवर पाय टाकणाऱ्या मुलीला बरोबर कळते. तेव्हापासून माझे लेहरे अर्ध्या-अर्ध्या तासाचे सलग आहेत, १९२ केबीपीएसला एकेक साधारण ४३ एमबीचा. हे मीठ आहे. रोज लागतं, घरातून हलत नाही.

कार्ड ३२ जीबीचं. त्यात तराणे, ठुमऱ्या, भजनं, म्हणजे त्या त्या वर्षीच्या कार्यक्रमाचं सगळं. ते कापलं जातं, वाढवलं जातं, आमच्या गुरू बाईंना आवडलं नाही तर बदललं जातं. कार्ड निघतं, बाईंकडे जातं, रेकॉर्डिंगवाल्याकडे चार दिवस राहतं, परत येतं. ते बाहेर हिंडत असताना इकडे सकाळच्या बॅचला ततकार, म्हणजे पायांचा रियाज, तर करायचाच असतो. म्हणून लेहरे आत.

"बरं, ठेवा वेगवेगळं, पण यादी तरी एकच करा." केली होती. तिथेच तर सगळं रामायण आहे.

यादी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. यादीत गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. एम३यू नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, नुसत्या ओळी दिसतील, एका गाण्याची एक. हॅशने सुरू होणाऱ्या ओळींत नाव आणि सेकंद असतात, ते चुकीचे असले तरी गाणं वाजतं. पत्ता चुकला की मात्र खलास. आता पुण्यात पत्ते दोन पद्धतीने सांगतात. एक, घर नंबर, पेठ, पिन कोड. दुसरा, "आमच्या वाड्यातून बाहेर पडा, दोन घरं सोडा, मारुतीच्या मागे." यादीतही हेच दोन प्रकार. दुसरा बरा, कारण अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे नेला तरी आपापसातली घरं जागच्या जागी राहतात. पण ही डबी लॅपटॉपला जोडली की ई आणि एफ असे दोन ड्राइव्ह दिसतात, म्हणजे दोन वाडे. आतल्या आत चालत तुम्ही फार तर आपल्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यापर्यंत याल, शेजारच्या वाड्यात आतून रस्ता नाही. मग लॅपटॉप काय करतो, ई आणि एफने सुरू होणारे पूर्ण पत्ते लिहितो. ते लॅपटॉपवर झकास वाजतात. डबीच्या घरात ई किंवा एफ नावाचं कुणी राहतच नाही. तिच्या दृष्टीने कार्ड ही तिचीच एक खोली. म्हणून दोन्हीकडची मिसळ यादी करायची, तर ती डबीवरच, एकेक बटण दाबत. (आणि नावं रोमनमध्ये. देवनागरी नावं मी हौसेने दिली होती. जुन्या पद्धतीच्या यादीत नुसती प्रश्नचिन्हं उमटली. यूटीएफ-८ची यादी केली की ती नीट दिसतात, हे मला उशिरा कळलं, तोवर हौस फिटली होती.)

तर २०१९ च्या एप्रिलमध्ये मी अशी मिसळ यादी केली. दुपारभर बसून, अंगठा दुखेपर्यंत. पंधरा दिवसांच्या सगळ्या तालमी तिच्यावर झाल्या. सुरुवातीची वंदना तेवढी आमच्या बाई स्वतः गातात. त्यानंतरचे तीन प्रवेश लेहऱ्यावरचे, म्हणजे आतल्या मेमरीतले. चौथा तराणा, दोन मुलींचा, कार्डातला. पाचवा मोठ्या मुलींचा द्रुत तीनताल, पुन्हा आतला. असं आलटूनपालटून शेवटच्या भैरवीपर्यंत.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री साडेअकराला मला कार्ड आवरायची बुद्धी झाली. त्यात 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरं' असे फोल्डर साठले होते. कुणी बघितलं असतं तर लाज वाटली असती. मी वर्षवार फोल्डर केले आणि एकेक गाणं उचलून ज्याच्या त्याच्या घरात ठेवलं. एकही पुसलं नाही. नंतर शहाण्या बाईसारखी तपासणीही केली. यादी लावली. पहिला प्रवेश वाजला, दुसरा वाजला, तिसरा वाजला. झोपले.

त्या वेळच्या मला मी अजून विचारते, चौथा वाजवून बघायला काय झालं होतं? ती म्हणते, बारा वाजले होते, सकाळी साडेसातला मुलींचे अंबाडे घालायचे होते, आणि तीन वाजले म्हणजे सगळे वाजणार, असंच कुणीही धरेल. तिचं अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही.

कर्वे रस्त्याजवळचं छोटं सभागृह. तिसरा प्रवेश संपला, दिवे मंद झाले, दोघी येऊन उभ्या राहिल्या. अकरा वर्षांच्या. एकीची ओढणी लाल, एकीची निळी. हात छातीशी, नजर समोर, जशा सहा महिने रोज उभ्या राहत होत्या तशा. दिवे आले. मी बटण दाबलं. डबीला त्या पत्त्यावर तराणा सापडला नाही, आणि न सापडलेल्या गाण्यावर ही डबी थांबत नाही. छोट्या पडद्यावर तसं क्षणभर लिहून येतं आणि ती पुढच्या गाण्यावर जाते. पडद्याकडे कोण बघतंय, मी मुलींकडे बघत होते. सुरू झाला द्रुत तीनतालाचा लेहरा, मोठ्या मुलींचा, चार सेकंदांचं आवर्तन.

दोन आवर्तनं दोघी तशाच. मग लाल ओढणीने पाय सुरू केले. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. त्या लयीत ती कधी नाचलेली नव्हती, पण बसवत गेली. चक्करं घेतली, कुठूनतरी एक तिहाई (तोच तुकडा तीनदा) आठवून मारली आणि समेवर आली. टाळ्या! निळी हलली नाही. हात छातीशी, तसेच. फक्त मान थोडी वळवून विंगेकडे, माझ्याकडे बघत राहिली. मला थांबवता आलं असतं, बटण अंगठ्याखालीच होतं. पण एक नाचत होती ना! तिचं तोडायचं कसं? नंतर मोजलं, ध्वनिचित्रफितीवरून. अकरा आवर्तनं. पाऊण मिनिटसुद्धा नाही.

मग बंद केलं, माइकवर जाऊन "तांत्रिक अडचणीमुळे" म्हणाले. रात्री साडेअकराला फोल्डर आवरणारी बाई, ही ती तांत्रिक अडचण. माझ्याच सुबक फोल्डरांमधून तराणा शोधायला तीन मिनिटं लागली. दोघींनी तो केला, चांगला केला. पण कार्यक्रम संपल्यावर बाईंनी सगळ्यांसमोर लाल ओढणीच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं, आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. मेकअप पुसताना निळी मला एवढंच म्हणाली, "ताई, ते आपलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "नव्हतं गं." आपलं नव्हतं म्हणून ती उभी राहिली हे बरोबर होतं, असं तेव्हा तिथे म्हणायला हवं होतं. मला ते घरी गेल्यावर सुचलं. जूनमध्ये ती वर्गाला आली नाही. तिच्या आईने सांगितलं, शाळेचं वाढलंय. वाढलं असेलही. सहावीत वाढतंच.

तर तेव्हापासून माझा कारभार असा. आतल्या यादीत फक्त आतले पत्ते. कार्डातल्या यादीत फक्त कार्डातले. एका वाड्याचा पत्ता दुसऱ्या वाड्याच्या वहीत लिहायचा नाही. आणि कार्यक्रमापुरता कार्डात एक स्वतंत्र फोल्डर, त्यात त्या दिवशीचं सगळं, लेहऱ्यांसकट, दुसरी प्रत म्हणून. नावांपुढे ०१, ०२, ०३. त्यातही एक खोच आहे. काही प्लेअर नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने फाइली कार्डावर चढल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून कॉपीही एकेक करूनच, ०१ पासून.

"म्हणजे शेवटी एकाच जागी ठेवलंत की!" हो, असं म्हणणारे भेटलेत. कार्यक्रमाच्या दिवसापुरतं ठेवते. पूर्वीची मी या दोन-दोन प्रतींवर फार चिडले असते. एकच लेहरा दोनदा ठेवायचा, हा तिला गबाळेपणा वाटायचा. मी तिला सांगते, अर्ध्या तासाचा लेहरा ४३ एमबीचा, वीसही प्रवेश लेहऱ्याचेच धरले तरी एक जीबीच्या आत, ३२ जीबीच्या कार्डाला कळतही नाही. यावर तिच्याकडे उत्तर आहे, आणि ते मला आवडत नाही. मागच्या वर्षी गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमासाठी बाईंनी एका झपतालाची लय किंचित उतरवून घेतली. मी आतली प्रत बदलली, फोल्डरमधली तशीच राहिली. मुली नव्या लयीत तालीम करून आलेल्या, मंडपात वाजली जुनी. फरक थोडाच होता. प्रेक्षकांना कळला नाही. मुलींना कळला, दोन आवर्तनं धापा टाकत त्यांनी निभावलं. म्हणजे जागा एक करा किंवा दोन करा, मी कुठेतरी चुकतेच आहे. फक्त दुसऱ्या चुकीत कुणी एकटं उभं राहत नाही, एवढंच मला माझ्या बाजूने म्हणता येतं.

क्लाउडवाल्या बाबांनी परवा प्रेमाने एक नवं कार्ड आणून दिलं, १२८ जीबीचं. "घ्या, आता सगळं मावेल." कार्डात फाइली मांडायची पद्धत एक्सफॅट आहे, माझी डबी फक्त फॅट३२ ही पद्धत वाचते, तेव्हा आधी ते फॉर्मॅट करावं लागेल, मग कॉपी, मग याद्या तपासणं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. त्यांना मी "हो, बघते" म्हटलंय. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आलाय. पाकीट फोडलेलं नाही.