चांगले तुकडे कशाला कापायचे?

फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट टेबलावर आले की मी मजकुराआधी आकृत्या बघते. बेळगावात मेकॅनिकलच्या मुलांना शिकवताना लागलेली ही सवय. रिपोर्टमध्ये काही गडबड असली तर ती आकृतीत आधी दिसते.

त्या दिवशी हातात आलेला रिपोर्ट खानापूरकडच्या एका मुलीचा होता. मराठी शाळेतून आलेली, कमालीची कष्टाळू. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, महिनाभर जाऊन तिनं काम केलं होतं. तिथं एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या पंप बॉडीत वारंवार पोकळी सापडत होती, फाउंड्रीवाले ज्याला श्रिंकेज म्हणतात ती. विषय अस्सल होता, पण रिपोर्ट वाचवेना.

आकृती 4.2 म्हणजे कापलेल्या तुकड्याचा फोटो. पोकळी दिसत होती, पण शेजारी पट्टी नाही, साधं नाणंही नाही. भोक दोन मिलिमीटरचं की दोन सेंटिमीटरचं, कळायला मार्ग नाही. आकृती 4.3 नेटवरून उचललेली, थर्ड अँगलमधली. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल शिकवतात, म्हणजे डावीकडून बघितलेलं दृश्य उजवीकडे काढतात. थर्ड अँगलमध्ये ते डावीकडेच राहतं. तिनं ते चित्र फर्स्ट अँगल समजून वाचलं आणि मजकुरात रायझर, म्हणजे गोठताना साच्याला रस (वितळलेला धातू) पुरवणारा साठा, उलट्या बाजूला गेला. ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ हे इंग्रजी वाक्य मात्र दर पानावर. आकृतीत नक्की काय दाखवलंय, ते एकदाही लिहिलेलं नव्हतं.

मी तिला बोलावलं. इंग्रजीत सांगताना अडखळायला लागली, तेव्हा म्हटलं, “मराठीत सांग, आणि फळ्यावर काढत काढत सांग.”

खडू हातात आल्यावर मुलगी बदललीच. “हे बघा मॅडम, हितं भिंत पातळ, हितं हा उंचवटा, बॉस, जाड. पातळ भाग आधी गोठतो. जाड भाग आतून वितळलेलाच राहतो, आकसताना त्याला रस पाहिजे असतो. वाट बंद झाली की रस कुठून येणार?” बोलता बोलता तिनं बाणानं रसाची वाट दाखवली आणि जिथं ती बंद होते तिथं फुली मारली. ती फुली रिपोर्टमधल्या एकाही आकृतीत नव्हती. मी मोबाईलवर फळ्याचा फोटो घेतला आणि म्हटलं, 4.3 च्या जागी हीच आकृती स्वच्छ काढ, आणि आत्ता बोललीस तेच खाली लिही.

मग तिच्या रिपोर्टमधला आलेख उघडला. सहा रिजेक्ट तुकडे, सहा ठिपके, सगळे ओतण्याच्या 1380 ते 1420 अंश तापमानातले. निष्कर्ष एका ओळीत: धातू फार गरम ओतल्यामुळे पोकळी.

“पास झालेले तुकडे कुठायत?”

“चांगले कशाला कापायचे, मॅडम? ते पास झाल्यात की.”

मी तिला चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाची गोष्ट सांगितली. 28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर 73 सेकंदांत ते यान फुटलं आणि सात जण गेले. आदल्या रात्री इंजिनियर थंडीत ओ-रिंगवर, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांवर, काय परिणाम होईल यावर भांडत होते. रिंगांना इजा झालेली उड्डाणंच तेवढी आलेखावर ठेवली तर तापमानाशी संबंध दिसत नाही. पुढं चौकशी आयोगानं इजा न झालेली उड्डाणंही मांडली. ती सगळी सांध्याचं तापमान साधारण 19 अंश किंवा त्याहून जास्त असतानाची निघाली, त्याहून थंडीतल्या प्रत्येक उड्डाणात इजा होती. चांगले ठिपके गाळले की आलेख खोटं बोलतो. ती बराच वेळ गप्प होती.

शनिवारी मीही तिच्याबरोबर फाउंड्रीत गेले. पाच पास तुकडे मागून घेतले आणि बँडसॉवर कापले. चार अगदी घट्ट. ओतण्याची नोंद बघितली तर तापमान तेच, 1385 ते 1415. मुलीचा चेहरा उतरला. महिनाभराचा निष्कर्ष एका दुपारीत गेला होता.

बाजूला उभे असलेले वयस्क मोल्डर मामा तिचा नवा कागद निरखत होते. त्यांनी रायझरवर बोट ठेवलं. “पोरी, ह्या पाचांचा पॅटर्न, साचा करायचा नमुना, वेगळा हाय. ह्याचा रायझर बॉसच्या डोक्यावर बसतोय. तुझ्या त्या सहांचा लांब, कडेच्या फ्लँजकडं.” महिनाभर ती त्यांच्या शेजारी उभी होती. पण दाखवायला चित्र नव्हतं, म्हणून तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नवा आलेख तिनं रात्रीच करून पाठवला. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर पोकळीची लांबी मिलिमीटरमध्ये. आधीच्या सहांच्या पॅटर्नचे भरीव ठिपके, या पाचांच्या पॅटर्नचे पोकळ. फोटो पुन्हा काढलेले, प्रत्येकात स्टीलची पट्टी. पाचव्या पास तुकड्यात रायझर बॉसवर असूनही मसुरीएवढी पोकळी निघाली होती. तो ठिपका तिनं गाळला नाही. त्याला बाण काढून आकृतीखाली लिहिलं: ‘या तुकड्यातील पोकळीचे कारण समजलेले नाही.’