चौकात फक्की मारली तो दिवस

उत्तर गोव्यातल्या एका पालिका शहराच्या मुख्य चौकाचं काम आमच्या वास्तुविशारद कार्यालयाकडे आलं, तेव्हा आराखडा जवळजवळ तयारच होता. मधोमध संगीत कारंजं, भोवती घोटलेल्या ग्रॅनाइटचे कट्टे, काँक्रीटच्या कुंड्या, चारही बाजूंनी स्टीलचं रेलिंग, रंग बदलणारे दिवे. आम्ही लोकांची मतं घ्यायची, त्यांचा अहवाल जोडायचा आणि नकाशा अंतिम करून द्यायचा, एवढंच काम. निविदा अजून निघायची आहे, म्हणून शहराचं नाव लिहीत नाही. गोव्यातल्या माणसाला चौक तसाही ओळखीचा वाटेल. एका अंगाला बाजाराची इमारत, दुसऱ्या अंगाला कदंब बसचा थांबा, कोपऱ्यावर मोटरसायकल पायलटांचा, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्यांचा, तळ, देवळाकडे जाणारी वाट, मध्ये जुना पिंपळ आणि त्याच्यापुढे अर्धं डांबर, अर्धी माती अशी मोकळी जागा.

मतं घेण्यासाठी रीतसर सभा झाली. पालिकेच्या सभागृहात, संध्याकाळी पाच वाजता. पडद्यावर रंगीत चित्रं लावली होती. समोर दुकानदार, काही निवृत्त शिक्षक, उत्सव समित्यांची मंडळी. चित्रातलं कारंजं देखणं होतं, त्याला कुणी नाही म्हटलं नाही. पार्किंगवर थोडा वाद झाला, चहा झाला, सभा संपली. चौकात जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बायकांपैकी मात्र एकही आली नव्हती. त्या पहाटेच्या पहिल्या बसने टोपल्या घेऊन येतात आणि दुपारी एकच्या आत परततात. पाचच्या सभेला त्यांनी यायचं कसं?

ही गोष्ट मला फार लागते. खेड्यात ग्रामसभा आहे. गोव्यातल्या ग्रामसभा किती तावातावाने चालतात हे आपण दर रविवारी वाचतो-ऐकतो. शहरात आलं की ते संपलं. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांपुरत्या. २०११च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. गोव्यात तीन लाखांचं एकही शहर नाही, म्हणून इथे कुठेच ती सक्ती लागू होत नाही. आपल्या दारातल्या चौकाचं काय होणार, हे शहरातल्या माणसाने विचारायचं कुठे?

मी मुख्याधिकाऱ्यांकडे एक दिवस मागितला. नकाशा आहे तसा, पूर्ण मापात, चौकाच्या जमिनीवर काढायचा आणि बाजाराचा दिवस त्याच्यावरून जाऊ द्यायचा. नकाशा वाचणं हे शिकावं लागतं. आम्हाला ते शिकायला पाच वर्षं देतात आणि लोकांनी ते पाच मिनिटांत करावं अशी अपेक्षा ठेवतात. १:२०० च्या कागदावर कारंज्याचं वर्तुळ सहा सेंटिमीटरचं दिसतं, जमिनीवर ते १२ मीटरचं होतं. या दोन मापांमधलं अंतर पायांनी चालल्याशिवाय कळत नाही. साहेबांनी थोडा विचार करून परवानगी दिली, आणि पालिकेचे दोन कामगार सोबत दिले.

फेब्रुवारीचा महिना होता. पहाटे साडेपाचला आम्ही चौकात खुंट्या ठोकायला लागलो. मधल्या खुंटीला सहा मीटरची सुतळी बांधून एक कामगार गोल फिरला आणि दुसरा त्याच्या मागोमाग फक्की सोडत गेला. मग कट्टे, कुंड्या, पायऱ्या, रेलिंग. रस्त्यावरच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात पांढऱ्या रेघा उमटत गेल्या आणि पूर्ण आराखडा पहिल्यांदा मला जमिनीवर दिसला. पायलटांपैकी एकजण गाडीवर बसून सगळं बघत होता. रेलिंगची रेघ त्याच्या पुढच्या चाकाच्या अलीकडून गेली, तेव्हा तो उतरला आणि म्हणाला, "बाय, ही भिंत का?" मी म्हटलं, "भिंत नव्हे, रेलिंग." त्याने रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं. "मग बसमधून उतरलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे येणार कुठून?" उत्तर नकाशात होतं: वळसा घालून, ४० मीटर. ते त्याला सांगायची गरज पडली नाही, त्याने स्वतःच चालून मोजलं.

साडेसहाला बायका आल्या. तांबडी भाजी, मुळा, वालाच्या शेंगा, अळसांदे. त्यातल्या एका मावशीने आपली पाटी नेहमीच्या जागी ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रेघेच्या आत आहोत.

"इथे काय येणार?"

"कारंजं, मावशी."

"आणि मी?"

मी तिला पिंपळाच्या पलीकडे, पूर्वेला, विक्रेत्यांसाठी आखलेली जागा दाखवली. तिने ती नीट पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. "दहा वाजता ये," म्हणाली. दहा वाजता मी गेले तेव्हा सांगायला काही उरलंच नव्हतं. सूर्य पूर्वेकडून वर आला होता, पिंपळाची सावली पश्चिमेला पडली होती आणि बायकांची अख्खी रांग त्या सावलीत नेमकी बसली होती. पूर्वेच्या आखलेल्या जागेत ऊन रखरखत होतं. मावशीने शेजारणीच्या पाटीतली तांबड्या भाजीची एक जुडी उचलली आणि त्या उन्हात ठेवली. अर्ध्या तासात पानांनी मान टाकली. तिच्या पाटीतली जुडी पाण्याचा हात मारून तशीच तरतरीत होती. "आम्ही कुठेही बसतो असं तुम्हाला वाटतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. शाळेत शिकवतात तशा सुरात ती बोलत होती. सोपो, म्हणजे बाजारात बसायची फी, भरल्याची पावती तिने कमरेच्या बटव्यातून काढून दाखवली. मी मागितली नव्हती.

२०१४च्या फेरीवाला कायद्यात पिढ्यान्‌पिढ्या जिथे बाजार भरतो त्या जागेला नैसर्गिक बाजार म्हणून मान्यता आहे. नगर विक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, अहवालात लिहायचंही होतं. पण ती जुडी कायद्याच्या कलमापेक्षा जास्त बोलली, कारण बाजूला उभे असलेले पालिकेचे अभियंते स्वतः वाकून ती पानं बघत होते.

त्याच मावशीने पुढचा प्रश्न विचारला आणि तिथून सगळं काम पालटलं. "चवथीला सत्तरीची माणसं कुठे बसणार?"

चतुर्थीआधीचे दोन-तीन दिवस या चौकात माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या आरासीचा, बाजार भरतो. सुपारीची शिपटी, निरफणस, तोरिंगं, घागऱ्या, कांगोण्या, कवंडळं, सत्तरी तालुक्याच्या रानातून काढून आणलेली फळं जमिनीवर पसरलेली असतात आणि सगळं शहर त्यांच्यामधून वाट काढत असतं. त्या बाजाराला ना गाळा लागतो ना ओटा. त्याला लागते नुसती जमीन, भरपूर. मग आजूबाजूचे बोलायला लागले. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे उंच पुतळे इथूनच जातात, त्यांच्या डोक्याला लागतील असे दिवे आणि तारा नकोत. जत्रेला खाजेवाल्यांची रांग लागते. फाल्गुनात शिगम्याची मिरवणूक इथेच वळते. निवडणुकीच्या सभा, मोर्चे, सप्ताहातला दिंड्यांचा मुक्काम. मी वहीत बारा महिने उभे लिहिले आणि लोक ते भरत गेले. जी जागा आमच्या कागदावर पांढरी, रिकामी म्हणून दाखवली होती, तिचा एकही महिना रिकामा राहिला नाही.

मला त्या वेळी मडगावच्या लोहिया मैदानाची आठवण झाली. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया तिथे बोलायला उभे राहिले, त्यांना अटक झाली आणि गोवा मुक्तीच्या लढ्याला नवं वळण लागलं. तिथे त्या दिवशी माणसांना जमायला मोकळी जमीन होती. पणजीच्या आझाद मैदानावर आजही लोक आपलं गाऱ्हाणं घेऊन जमतात. शहराने अशी जागा भरून टाकली तर लोकांनी एकत्र यायचं कुठे, हा प्रश्न मला शोभेच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

अकराच्या सुमाराला तीनचाकी सायकलवरून लॉटरीची तिकिटं विकणारे एक काका रॅम्पच्या रेघेपाशी थांबले. आराखड्यात चौक ४५० मिलिमीटर उचललेला होता, तीन पायऱ्या, आणि कोपऱ्यात दोन मीटरचा रॅम्प. चाकाच्या खुर्चीसाठी चढ एकास बारापेक्षा जास्त तीव्र नको, म्हणजे तेवढ्या उंचीला किमान ५.४ मीटर लांबी हवी. मी हे सांगत असताना काकांनी मध्येच विचारलं, "पण उचलायचा कशाला?" अभियंत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी अभियंत्यांकडे. कारण कुणाकडेच नव्हतं. पायऱ्या तिथल्या तिथे रद्द झाल्या.

दुपारी एक वाजता मी बाजाराच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. बायका निघून गेल्या होत्या, चौक ओसरला होता, आणि खाली सकाळची आखणी होती ती आता फक्त काही ठिकाणी शिल्लक होती. रेलिंगची रेघ तीन जागी साफ पुसली गेली होती: थांब्यासमोर, पायलटांच्या तळापाशी आणि देवळाच्या वाटेवर. कारंज्याच्या वर्तुळातून एक पट्टा आरपार गेला होता, थांब्यापासून बाजाराच्या दारापर्यंत, एवढा सरळ की दोरी लावून काढल्यासारखा. कुंड्यांच्या चौकोनांपैकी दोन जसेच्या तसे होते, कारण तिकडे कुणी फिरकतच नव्हतं. हजारो पावलांनी सकाळपासून आराखडा तपासून दिला होता, चूक तिथे पुसून. मी फोटो काढले. पुढच्या सगळ्या बैठकांत मी हेच फोटो आधी दाखवले, तक्ते नंतर.

संध्याकाळी शिगमो समितीची माणसं चित्ररथाची ट्रॉली घेऊन आली. रिकामी होती, वरचा देखावा अजून उभा राहायचा होता. आम्ही वर्तुळ पुन्हा आखलं आणि चालकाला मिरवणुकीच्या वाटेने वळायला सांगितलं. पहिल्या वळणाला ट्रॉलीचं मागचं चाक कट्ट्याच्या रेघेवरून गेलं आणि कारंज्यात दीड मीटर आत शिरलं. चालकाने मागे घेऊन पुन्हा प्रयत्न केला, तेच झालं. टायरला लागलेली फक्की रस्त्यावर ठिपके उमटवत गेली. सभेत कारंज्याला मान डोलावणारे पदाधिकारी ते ठिपके पाहत उभे होते. त्यांच्यातले एक स्पष्ट म्हणाले, "हे चित्रात दिसलं नव्हतं."

त्यांच्याबरोबर रोमटामेळातले, म्हणजे शिगम्याच्या ढोल-ताशाच्या मेळातले, एक आजोबा आले होते. ते कुणाशी न बोलता चपला बाहेर काढून पिंपळाखालच्या मातीवर जाऊन उभे राहिले. म्हणाले, शहर व्हायच्या आधी हा वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, मांड होता, सणाला सगळ्यांनी जमायची पवित्र जागा. मेळ निघण्यापूर्वी इथे नमन व्हायचं. अजूनही ते तिथे ढोल-ताशा थांबवून नमन घालतात, फक्त आता वाहनांच्या आवाजात ते कुणाला ऐकू येत नाही. त्यांनी एकच मागणी केली: "एवढी माती ठेवा." आराखड्यात त्या मातीवर ग्रॅनाइट होता, अगदी बुंध्यापर्यंत. झाडाच्या दृष्टीनेही तो घातकच, मुळांना पाणी आणि हवा मिळणार कुठून? पण आजोबांनी सांगितलेलं कारण मी अहवालात पहिलं लिहिलं, झाडाचं दुसरं.

नंतरचं काम सोपं झालं असं नाही. "लोकांना काहीच नको असेल तर अनुदान खर्चायचं कशावर?" असं मला सरळ विचारण्यात आलं. प्रश्न रास्त होता. उत्तर जमिनीखाली होतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चौकात पाणी तुंबतं. फरशीला गटाराकडे नीट उतार, मोठी गटारं, डोक्यावरच्या तारा जमिनीखाली, घोटलेल्या दगडाऐवजी शेवाळ धरलं तरी पाय सरकणार नाही अशी खरखरीत फरशी, कडेला चिऱ्याचे बसायचे कट्टे, पाण्याचा नळ, बाजाराच्या दिवसासाठी विजेची जोडणी. यातलं बरंचसं उद्घाटनाच्या फोटोत येत नाही. खर्च मात्र कारंज्याइतकाच, आणि तो दरवर्षी पंप दुरुस्तीच्या बिलाने वाढणार नाही. काही दुकानदारांना अजूनही कारंजं हवं आहे. संध्याकाळी माणसं थांबली तर त्यांचा धंदा वाढतो, आणि ती अपेक्षा चुकीची नाही. त्यांच्या बाजूला कट्टे आणि उजेड जास्त दिला आहे.

आता अडलं आहे ते स्वच्छतागृहावर. पहाटेपासून दुपारपर्यंत बसणाऱ्या बायकांना जवळचं स्वच्छतागृह बस थांब्याच्या मागे आहे आणि ते आठला उघडतं. नवीन कुठे बांधायचं यावर देवळाकडची मंडळी, पायलट आणि बायका यांचं एकमत नाही. त्यामुळे तिन्ही जागा पुन्हा जमिनीवर आखायचं ठरलं आहे, दरवाजा कुठल्या तोंडाला येईल त्यासकट. वेळ सकाळी सातची, बायकांनी ठरवलेली. पालिकेचे अभियंते येणार आहेत.