हंडीतला कोंबडा आणि तिरपा उजेड: आयरिश थडग्यांच्या नोंदी, टप्पा तिसरा

दफनभूमीचा कच्चा नकाशा झाला, प्रत्येक शिळेला क्रमांकही पडला. आता अठराव्या शतकातल्या शिळांवरची चिन्हं वाचणं चालू आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ घेतो तो हंडीतला कोंबडा.

खिळे, हातोडा, पक्कड, शिडी या येशूला क्रूसावर चढवण्या-उतरवण्याच्या साधनांच्या गर्दीत तो बसलेला असतो. समोरून पाहिलं तर दगडफुलाचा ठिपकाच वाटतो. उजेड शिळेला चाटून, दहाएक अंशांनी जायला हवा. पूर्वाभिमुख शिळेवर तसं ऊन उन्हाळी (एक तास पुढे केलेल्या) घड्याळाप्रमाणे साडेबारा ते एकच्या दरम्यान येतं. दीडनंतर सूर्य शिळेच्या मागे जातो. ढगाळ दिवशी काळ्या कापडाचा आडोसा करून बाजूने टॉर्च धरावा. बाजूच्या उजेडात आडव्या रेघा हरवतात, म्हणून वरून उजेड टाकून आणखी एक फोटो हवाच.

खडू, पीठ, तारेचा ब्रश अजिबात नको. खडूने दगड खरवडतो, पिठावर बुरशी वाढते, आणि दगडफूल ओढून काढलं की त्याच्यासोबत अक्षराचा पापुद्राही निघतो.

वाचनात दोन चुका वारंवार होतात. १ आणि ७ यांची अदलाबदल ही एक. दुसरी जास्त घातक: ‘इरेक्टेड बाय’नंतरचं नाव शिळा उभारणाऱ्याचं असतं, मृताचं नव्हे. मृत्यूंची सरकारी नोंद १८६४ पासूनची, आणि चर्चच्या कितीतरी नोंदवह्या १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याच्या आगीत गेल्या. त्यामुळे इथे चुकलेलं नाव पडताळायला पुष्कळदा दुसरा कागदच नसतो.

कोंबड्याची कथा अशी. हंडीत कोंबडा शिजत होता. कोणी म्हणालं, हा उठेल तेव्हाच येशू उठेल. कोंबडा हंडीच्या काठावर चढून आयरिश भाषेत आरवला: ‘माक ना होय स्लान’, कुमारीचा पुत्र सुखरूप आहे. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तसंच हे ऐकणं. किल्केनीच्या सेंट कॅनिस कॅथेड्रलमध्ये १५४९ च्या पर्सेल थडग्यावरही हा कोंबडा आहे, म्हणजे चिन्ह अठराव्या शतकाहून बरंच जुनं.

पुढचं काम: १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून आणलेल्या लोककथांच्या वह्यांत दफनभूमीच्याच परगण्यातली ही कथा शोधायची. कथेची नोंद शिळेच्या नोंदीत मिसळायची नाही. वेगळ्या रकान्यात, शाळेच्या नावासह ठेवायची.