मॉडेल रेल्वेचा डेड एंड घरी बनवताना

मार्च-एप्रिलमधल्या किती दुपारी माझ्या मॉडेल रेल्वेतल्या एका शॉर्ट सर्किटपायी वाया गेल्या, ते आठवलं तरी आजही चिडचिड होते. माझा एचओ स्केलचा लेआउट (रुळांची मांडणी) आहे, म्हणजे खऱ्याच्या १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. यार्डातल्या साइडिंगच्या, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाच्या, टोकाला गाडी अडवणारा डेड एंड किंवा बंपर लागतो. विकतचा प्लास्टिकचा मला नको होता. लहानपणी स्टेशनात पाहिलेला, जुने रूळ वाकवून उभा केलेला डेड एंडच हवा होता.

तो बनवला श्रावणात, उरलेल्या रुळांच्या तुकड्यांतून. दोन उभे खांब, मागून तिरके टेकू आणि वर आडवा रूळ. एका संध्याकाळचं काम. सोल्डरिंग मात्र ट्रॅकवर करू नका, प्लास्टिकचे स्लीपर वितळतात.

मॉडेलमध्ये इंजिनाला वीज दोन रुळांतूनच मिळते. आडवा रूळ धातूचा, म्हणजे दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून बंपरच्या अलीकडे एका रुळात बारीक करवतीने अर्ध्या मिलिमीटरची फट पाडली. गाडी छान धावू लागली.

होळीनंतर कंट्रोलरचा (रुळांना वीज देणाऱ्या डब्याचा) शॉर्ट दाखवणारा लाल दिवा लागायला लागला. आधी इंजिनावर संशय घेतला. ते उघडलं, चाकं पुसली. मग कंट्रोलर दुरुस्तीला दिला. तो आठ दिवस तिथे पडून राहिला आणि ‘यात काही बिघाड नाही’ म्हणून परत आला. एकेक वायर सोडवून मल्टिमीटर लावला, तर शॉर्ट असल्याची बीप नाही. कारण तपासायला मी बसायचो रात्री, ऑफिसातून आल्यावर. रविवारी दुपारी गाडी लावली की पुन्हा लाल दिवा. शेवटी मुलीनेच विचारलं, ‘‘बाबा, ही दुपारीच का बंद पडते?’’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खोली गच्चीखालची, स्लॅब तापलेला. भर दुपारी भिंग घेऊन पाहिलं, तर फटीची दोन्ही टोकं एकमेकांना भिडलेली. वहीचा कागदसुद्धा आत जाईना. गाडी अडखळू नये म्हणून मी सगळे सांधे सोल्डर केले होते. तीन मीटरचा निकेल सिल्व्हरचा रूळ १५ अंशांनी तापला की जवळपास पाऊण मिलिमीटर वाढतो. ती वाढ जाणार कुठे? शिवाय पावसाळ्यात फुगलेलं प्लायवुड उन्हाळ्यात आक्रसलेलं. खऱ्या रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात, हे शाळेत शिकूनही मी विसरलो होतो.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. फट एक मिलिमीटर केली, जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा अरल्डाइट लावून आत बसवला आणि सुकल्यावर रुळाच्या आकारात घासला. दोन-तीन सांध्यांचं सोल्डरही काढलं. तिथे वीज पोचायला वेगळी वायर द्यावी लागते.

दुसऱ्या साइडिंगला आडवी पट्टी आइस्क्रीमच्या काडीची लावली, लाल रंग देऊन. या खांबाचा धातू त्या खांबाला कुठेच लागत नाही, त्यामुळे फटीची गरजच नाही. नव्याने बनवणाऱ्यांनी हाच प्रकार करावा.

उंचीचं सांगायचं राहिलं. आपल्या ब्रॉडगेजवर बफरची (डब्याच्या टोकाच्या, धक्का झेलणाऱ्या गोल दट्ट्यांची) उंची रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मिमी, म्हणजे एचओत १२.७ मिमी. पण मॉडेलचा कपलर (डबे जोडणारा आकडा) साधारण १० मिमीवर असतो आणि पुढे आलेला असतो. त्यामुळे पट्टी चिकटवण्याआधी आपलंच इंजिन टेकवून बघा.

गेल्या रविवारी दुपारी तीन वाजता मुलीने इंजिन हळूहळू डेड एंडपर्यंत नेलं आणि पट्टीला अलगद टेकवलं. लाल दिवा लागला नाही.