३१ मार्च १९५७ ची शिल्लक

गिरगावातील एका धर्मादाय न्यासाच्या जुन्या वह्या संगणकावर चढवताना आमचा हिशेब १ एप्रिल १९५७ या तारखेवर अडला. त्या दिवशी देशात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आदल्या दिवसापर्यंत एका रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै होत असत. न्यासाच्या चाळीतील भाडेकरूंची बाकी आम्ही खातेनिहाय नव्या पैशांत मांडली, तेव्हा त्या सर्वांची बेरीज जुन्या एकूण बाकीपेक्षा सात नव्या पैशांनी कमी भरली.

सोबत काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्याने ती तूट किरकोळ फरक म्हणून काढून टाकण्याचे सुचवले. मला ते मान्य नव्हते, कारण जुन्या हिशेबातील फरकाचे कारण कळल्याशिवाय तो पुसणे मी अयोग्य मानतो. आम्ही एकेक खाते पुन्हा तपासले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून रूपांतराच्या कोष्टकात एका आण्याचे सहा आणि तीन आण्यांचे एकोणीस धरले जात. अशा विषम आण्यांत कुठे पाव पैसा जाई, कुठे तेवढाच मिळे, त्यामुळे बहुतेक तोंडमिळवणी होई. दोन, सहा, दहा आणि चौदा आण्यांचे मात्र तसे नव्हते. तिथे बरोबर अर्धा पैसा उरे आणि नियमाप्रमाणे तो सोडून द्यावा लागे, म्हणून दोन आण्यांचे साडेबारा नव्हे तर बाराच नवे पैसे होत. या न्यासाच्या वहीत नेमक्या अशा रकमांची चौदा खाती होती.

रोजकीर्दीचे पुढचे पान उलटल्यावर तत्कालीन कारकुनांची नोंद दिसली. जांभळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत त्यांनी 'नवे पैसे फरक' असे स्वतंत्र खाते उघडून सात नवे पैसे नावे टाकले होते आणि समासात लिहिले होते, "सदर फरक भाडेकरूंकडून वसूल करू नये." सात पैशांसाठी खाते उघडणाऱ्या या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटला. भाडेकरूंच्या नावावर बाकी वाढवणे किंवा एकूण रक्कम गुपचूप बदलणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तोटा न्यासाकडे ठेवला आणि तो उघडपणे लिहिला.

पुढील वह्यांत रकान्याच्या डोक्यावर 'न.पै.' अशी अक्षरे सातत्याने येतात. १ जून १९६४ पासून सरकारने 'नवा' हा शब्द काढल्यानंतर तिथे नुसते 'पै.' उरते. हे खाते मात्र त्याच नावाने दरवर्षी पुढे ओढलेले आहे.

आमच्या संगणकप्रणालीत दशांशाचा फरक आपोआप एका सर्वसाधारण खात्यात जातो. मी ती सोय या न्यासापुरती बंद केली, 'नवे पैसे फरक' हे शीर्ष जसेच्या तसे उघडले आणि समासातील वाक्य नोंदीच्या तपशिलात उतरवून घेतले.