दादाला आळशी म्हणू नका

मंगळवार, रात्री

आज दादाला घेऊन एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रात, गेले होते. मंदावलेला मेंदू तपासायला डॉक्टरांनी त्याला चार शब्द लक्षात ठेवायला दिले: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. मग पाच सेकंद अंगठा आणि तर्जनी भराभर उघडमीट करायला लावली. आयुष्यभर शिलाईचं काम केलेली ती बोटं, चिमटीतच अडकत होती. नंतर मूठ, पालथा तळवा, उभा तळवा, असा क्रम. एकदा जमला, पुढे गोंधळला. शब्द विचारले तर "टोपी... लाल", आणि गप्प. "एक प्राणी होता" म्हटल्यावर "कुत्रा". "भाजी?" "घेवडा."

12 पैकी 6 गुण. 10 किंवा त्याहून कमी आले तर पुढे तपासायचं असतं.

अल्झायमरमध्ये बऱ्याचदा खूण सांगूनही आठवत नाही. दादाला आठवतं, पण उशिरा. एचआयव्ही लागण झाल्यावर लवकरच मेंदूत शिरतो. चेतापेशींना तो सहसा थेट धरत नाही. भोवतीच्या संरक्षक पेशींत ठाण मांडतो आणि तिथल्या सुजेने चेतापेशी खंगतात. मग माणूस मंदावतो, चाल बिघडते, कशातच मन लागत नाही.

दुकानमालक म्हणतो, अंग चोरतो. गल्लीत म्हणतात, पितो. खरं कारण सांगायचं तर आजाराचं नाव घ्यावं लागतं, म्हणून वहिनी सगळं मुकाट ऐकून घेते. मला याचा फार संताप येतो. सरकारी केंद्रात एचआयव्हीच्या गोळ्या 2004 पासून फुकट आहेत, तरी दादाच्या सुटल्या. भिवंडीला एका खोलीत सगळे कारागीर. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून डबी लपवायची, लेबल खरवडायचं. सीडी4, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, 200 च्या खाली गेला.

आता गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. पूर्वीसारखा होईल का, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. पुष्कळांना फरक पडतो, थोडा मंदपणा राहू शकतो, म्हणाले. पण हे एचआयव्हीमुळेच आहे असं म्हणण्याआधी मेंदूचा टीबी, टॉक्सो (मेंदूतला एक परजीवी संसर्ग), बी12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड हे सगळं बघायचंय. नैराश्यही.

वहिनीने रात्री नऊचा गजर लावलाय. नव्या डबीचं लेबल तसंच ठेवायचं, असं तिनेच ठरवलं. शुक्रवारी एमआरआय आहे, मी रजा टाकली. जुने रिपोर्ट फाईलला लावायचे राहिलेत, ते उद्या.