कमल आणि कमला

पतसंस्थेतून फोन आला. त्यांची पत्रं आमच्या प्रोग्रॅममधून छापली जातात. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, सभेच्या पत्रांवर बायकांची नावं तुटलीयेत. सविताचं सवित, सुनीताचं सुनीत. जोशींचं तर जोश झालंय." पुरुषांची विचारली. "रमेश, गणेश बरोबर आहेत. आणि हो, लक्ष्मीबाई पण बरोबर."

लक्ष्मीबाई शाबूत, हे ऐकताच कारण सुचायला हवं होतं. मला दीड तास लागला.

याद्यांत नावांच्या मागेपुढे स्पेस, स्वल्पविराम, टिंबं चिकटलेली असतात. ती छाटायला आमचा जुना रेगेक्स, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र, होता: कॅरेट, बॅकस्लॅश, कॅपिटल डब्ल्यू, प्लस, मग उभी रेघ, मग कॅरेट सोडून तेच पुन्हा आणि शेवटी डॉलर. म्हणजे दोन्ही टोकांना अक्षर किंवा आकडा नसेल ते काढ. इंग्रजी याद्यांवर तो दोन वर्षं बिनतक्रार चालला. मराठी यादी यंदा पहिल्यांदाच आली.

आमचा प्रोग्रॅम पायथन या भाषेत आहे. रेगेक्स चालवणाऱ्या तिच्या 'रे' मॉड्यूलला काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटतच नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाण यादीत, ती 'मार्क' गटात आहेत आणि 'रे' फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर धरतं. 'बाई'तला ई स्वतंत्र स्वर, म्हणून तो वाचला. नावाच्या मधल्या काना-मात्रांना धक्का नाही, कारण छाटणी फक्त टोकांना; नाव आणि आडनाव मात्र वेगवेगळी छाटली जायची. रेगेक्समध्ये मार्कही शब्दाचा भाग धरा, अशी युनिकोडची स्पष्ट शिफारस आहे. तरीही हे असं चालू आहे, याचा मला मनापासून राग येतो.

टेस्टरने मराठी नावं तपासली होती: पाटील, जाधव, पवार, चव्हाण. चारही व्यंजनावर संपणारी! तिला दोष देत नाही. चार नावांत भाषा तपासून होते ही आमच्या अख्ख्या टीमची समजूत चुकीची आहे.

आता काय ठेवायचं ते न सांगता काय काढायचं तेवढंच लिहिलंय: बॅकस्लॅश एस (म्हणजे मोकळी जागा), स्वल्पविराम, टिंब, डॅश. शून्य रुंदीचा स्पेस आणि फाइलच्या तोंडाशी येणारी बीओएम ही अदृश्य खूण बॅकस्लॅश एसमध्ये येत नाहीत, ते वेगळे घातले.

पत्रं पुन्हा छापली. पण दुबार नावं काढण्याचं काम छाटणीनंतर व्हायचं. एका गावातल्या कमल शिंदे आणि कमला शिंदे, दोघींचं 'कमल शिंद' होऊन एकच नोंद उरली होती. कमलाताईंना फोन मीच केला. "सभा कधी आहे?" त्यांनी विचारलं.

परवाच होऊन गेली होती.